बोट आहे, बस आहे, रेल्वेही आहे. त्यांची गाठ तेवढी घालून द्या

प्रति,
मुंबई ते अलिबाग या वाटेचा एकेक तुकडा ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात आहे ते सर्व अधिकारी : बंदराचे, एस.टी.चे, रेल्वेचे, महामार्गाचे आणि आमच्या जिल्ह्याचे.

सप्रेम नमस्कार.

अलिबागजवळच्या नागावात माझं घरगुती निवासाचं काम आहे. चार खोल्या, मागे नारळ-सुपारीची वाडी, जेवायला तांदळाची भाकरी आणि त्या दिवशी ताजी मिळेल त्या मासळीचं कालवण. हिवाळ्यात कुणी हट्ट धरलाच तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. पाहुण्यांचा फोन येतो तेव्हा खोलीच्या भाड्याची चौकशी दुसऱ्या नंबरावर असते. पहिला प्रश्न ठरलेला : "अलिबागला यायचं कसं?" याचं उत्तर मला आजतागायत एका वाक्यात देता आलेलं नाही. उलट मीच विचारायला लागते. निघणार कुठून? वार कोणता? महिना कोणता? स्वतःची गाडी आहे का? बरोबर म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे का? आणि त्या दिवशी तिथी कोणती? तिथीचं नाव काढलं की पलीकडचा माणूस हसतो. त्याला वाटतं बाई मुहूर्त बघतायत. त्याचं कारण पुढे सांगते.

वाटा कमी आहेत अशी आमची तक्रार नाही. मोजायला बसलं तर समुद्रातून तीन, रस्त्याने दोन, आणि रेल्वे गावात येत नसली तरी दोन बाजूंनी जवळ येऊन थांबलेली. प्रत्येक वाट आपापल्या जागी बरी चालते. जिथे एक संपते आणि दुसरी सुरू व्हायला हवी तिथे मात्र प्रवासी उघड्यावर पडतो. बोट एकाच्या देखरेखीखाली, धक्का दुसऱ्याच्या, धक्क्याबाहेरचा रस्ता तिसऱ्याचा, बस चौथ्याची. मधल्या दोनशे पावलांना कुणी वाली नाही, आणि माझे पाहुणे नेमके तिथेच अडकतात. म्हणून हे पत्र कुणा एकाच्या नावे न लिहिता तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे. एकेकट्याला लिहिलं की "हा विषय आमच्याकडे येत नाही" असं उत्तर येतं, आणि ते खोटंही नसतं.

आधी अंतराचा घोळ सांगते, कारण बाहेरच्या माणसाला तो कळत नाही. मांडव्याच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की मुंबईचे दिवे दिसतात. बोटीने तासाभराचं पाणी. पण मधे मुंबई बंदराचं तोंड आणि धरमतरची खाडी. रस्त्याने यायचं तर अख्ख्या बंदराला वळसा : पनवेल, पेण, वडखळ, मग खाडीवरचा पूल ओलांडून पोयनाड, कार्लेखिंड आणि अलिबाग. दक्षिण मुंबईतून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं. रस्ता रिकामा असेल तर तीन तासांत माणूस पोचतो. शनिवारी सकाळी निघालेला माणूस किती वाजता पोचेल हे मी सांगत नाही; जेवण झाकून ठेवते.

आता गेटवे ते मांडवा. पर्यटकांना ठाऊक असलेली वाट हीच, आणि चांगल्या हवेत हिच्यासारखी दुसरी नाही. सकाळची बोट, वर बसायला जागा, मागे सीगल. काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. झिराड, चोंढीवरून वीसेक किलोमीटर येऊन ती गावात सोडते. बोट आणि बस एका तिकिटावर जोडता येतात हे इथे वर्षानुवर्षं सिद्ध झालंय. म्हणजे मी मागते आहे ती सोय या वाटेवर अर्धीमुर्धी आधीच आहे, ती सगळीकडे पोचवायची एवढंच.

अर्धीमुर्धी का, तेही सांगते. मागच्या हिवाळ्यात नाशिकचं एक वयस्क जोडपं माझ्याकडे यायचं होतं. संध्याकाळची बोट उशिरा लागली. धक्का लांब, त्यांच्या चालीने बाहेर येईपर्यंत बस गेली होती. बस कुणाची, बोट कुणाची, ते इथे महत्त्वाचं नाही. बसवाल्याने त्याची वेळ पाळली आणि बोटवाल्याने माणसं सुखरूप उतरवली. दोघांचंही काम चोख. फक्त अंधारात बॅगा घेऊन उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांना मिनीडोरवाल्याने, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या तीनचाकी रिक्षावाल्याने, सांगितलेलं भाडं बोटीच्या तिकिटांपेक्षा जास्त होतं. मिनीडोरवाल्यालाही मी दोष देत नाही. परतीचं भाडं मिळणार नाही हे त्याला माहीत असतं.

बोटीच्या उतारूंची शेवटची खेप बाहेर आल्याशिवाय शेवटची बस हलू नये, एवढा एक नियम झाला तर अशा किती संध्याकाळी वाचतील! त्याला निविदा लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. धक्क्यावरच्या माणसाकडे बसच्या ड्रायव्हरचा फोन नंबर लागतो.

याच वाटेची दुसरी अडचण पावसाची. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवेच्या बोटी बंद. बरोबरच आहे, खवळलेल्या पाण्यात लाकडी बोट घाला असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण बंद नेमक्या कधी होणार आणि पुन्हा सुरू नेमक्या कधी होणार, हे आम्हाला कळतं वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून किंवा बोटीवर काम करणाऱ्या शेजारच्या मुलाकडून. गणपतीला माणसं घरी यायची असतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात "बोट चालू झाली का हो?" या प्रश्नाने माझा फोन तापतो. मला जे माहीत नाही ते मी कसं सांगू? हवामान बघून ठरवावं लागतं हे मान्य. मग ठरलं की त्याच दिवशी, मराठीत, एका ठरलेल्या जागी जाहीर करा.

मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं आणणारी मोठी बोट, २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, आठवडाभरात टाळेबंदीने बंद पडली आणि त्याच ऑगस्टमध्ये पुन्हा चालू झाली. हिचं मी मनापासून कौतुक करते. पाचशे माणसं आणि दीडशेच्या आसपास गाड्या एका खेपेत. पावसाळ्यातही, समुद्र अगदीच बिथरलेला नसेल तर, ती येते. आमच्याकडच्या आजारी माणसाला मुंबईला हलवायचं तर पूर्वी पावसात वडखळचा वळसा हाच मार्ग होता. आता रुग्णवाहिका बोटीत चढते. ज्याच्या घरावर ती वेळ आली आहे त्याला याचं मोल विचारा.

पण या बोटीचा सगळा विचार गाडीतल्या माणसाचा. गाडीवाला धक्क्यावर येतो, आत चढतो, मांडव्याला उतरून सरळ निघतो. त्याच बोटीत पायी चढणाऱ्या माणसाने भाऊच्या धक्क्यापर्यंत यायचं कसं? जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून टॅक्सी मिळाली तर ठीक. नाहीतर ट्रक आणि मासळीच्या टेम्पोंमधून, सामान सांभाळत. रो-रोच्या वेळांना जोडून स्टेशन ते धक्का अशी एक लहान बस ठेवली तर किती जण घरची गाडी आणायचीच थांबतील. आणि गाड्या कमी आल्या तर त्यात आमचंच भलं आहे. रविवारी चोंढीच्या नाक्यावर उभं राहून बघा. हा रस्ता बैलगाडीच्या काळातला. त्यावर बोटीतून एकदम सव्वाशे-दीडशे मोटारी सोडल्या की काय होतं ते बघायला अधिकाऱ्यांनी एकदा रविवारीच यावं. सरकारी सुट्टी असते, मला माहीत आहे.

आता तिसरी जलवाट, आणि तिथीचं कारण.

भाऊचा धक्का ते रेवस ही लाँच पर्यटकांच्या माहितीपत्रकात सहसा नसते. ती आमची आहे. बोडणी-रेवसच्या कोळणी, मुंबईत नोकरीला असलेली पोरं, कोर्टाच्या कामाला जिल्ह्याच्या गावी येणारी माणसं, यांची. गेटवेच्या बोटी बंद असतात तेव्हाही ही शक्यतो चालू राहते, कारण ती बंदराच्या आतल्या पाण्यातून जाते. भाडं कमी, झगमगाट नाही. याच वाटेवर १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडाली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, गटारी अमावास्येला घराकडे जाणारी माणसं. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक जीव गेले. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं, म्हणून देशाने ती लवकर मागे टाकली असावी. आम्ही टाकलेली नाही.

रेवसचा त्रास गाळाचा. खाडीचं तोंड, त्यामुळे धक्क्यापाशी गाळ बसतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच नीट लागत नाही. वेळापत्रक भिंतीवर एक आणि पाण्याचं दुसरं. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे छापील वेळ पंधरवड्यातले काही दिवस जमते, काही दिवस नाही. आमच्याकडे हे गणित पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट काढायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी, आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळ. थोडा वेळ इकडेतिकडे होतो, पण काम भागतं. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल की होडी करावी लागेल हेही मी पाहुण्यांना असंच सांगते. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने आपला कारभार याच भरती-ओहोटीवर चालवला असणार.

तर, शाळा चौथीपर्यंत झालेली कोळीण जे गणित बोटांवर करते, ते करून महिन्याचं लाँचचं वेळापत्रक धक्क्यावर लावायला कुणाची हरकत आहे? भरती-ओहोटीचे अधिकृत तक्ते तुमच्याकडे वर्षभर आधी तयार असतात. कोणत्या दिवशी कोणती लाँच उशिरा सुटेल, कोणती रद्द होईल, हे महिनाभर आधी सांगता येतं. आज ते प्रवाशाला धक्क्यावर पोचल्यावर कळतं, आणि रेवसच्या एस.टी.ला तर कधीच कळत नाही. लाँच यायच्या आधी बस निघून जाते, किंवा रिकामी बस उभी असते आणि लाँच चिखलापलीकडे. गाळ काढायला पैसा आणि मशिनरी लागते, ते समजू शकते. बसच्या वेळा भरतीच्या तक्त्यावर बसवायला तर दोन माणसं आणि एक दुपार पुरे.

यातूनच एक वाट अशी निघते की जी अजून कुणाच्या डोक्यातच आलेली दिसत नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याचा गाजावाजा सगळ्यांनी पाहिला. त्याच दिवशी खारकोपर ते उरण रेल्वेही सुरू झाली. म्हणजे नेरूळ-बेलापूरहून लोकल थेट उरणपर्यंत आली. उरण स्टेशनवरून करंजा बंदर रिक्षाच्या पल्ल्यात. करंजाहून लाँच धरली की खाडी ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत रेवस. रेवसहून एस.टी.ने अलिबाग वीस-पंचवीस किलोमीटर. नवी मुंबईच्या माणसाला पनवेल नको, पेण नको, वडखळची कोंडी तर नकोच नको. लोकलचं तिकीट, रिक्षा, लाँच, एस.टी. सगळं धरून खर्च गाडीच्या पेट्रोलच्या जवळपासही जात नाही.

कागदावर ही वाट सुरेख आहे. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी ती आवर्जून सांगते. म्हाताऱ्यांना सांगत नाही. कारण उरण स्टेशनबाहेर "करंजा बंदर, रेवस, अलिबाग" असा एक फलक मला दिसलेला नाही. करंजाला शेवटची लाँच कितीची, ते विचारल्याशिवाय कळत नाही. रेवसला उतरल्यावर बस आहे की नाही, ते नशिबावर. चार टप्पे, चारही चालू, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. एस.टी.ची असो की नवी मुंबईची, एक मिडी बस लोकलच्या वेळेला स्टेशनवर उभी राहिली आणि ती लाँच बघून सुटली, तर ही अलिबागची सर्वांत स्वस्त वाट ठरेल. शिवाय नवी मुंबईचा विमानतळ चालू झाला आहे. तिथे उतरलेल्या पाहुण्याला मी आज टॅक्सी करा म्हणते, कारण दुसरं काही धड सांगता येत नाही.

करंजा-रेवस पुलाचं तुम्ही म्हणाल. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून आम्ही तो ऐकत आलो आहोत. अंतुले साहेब आमच्याच जिल्ह्याचे. त्यांच्या डोळ्यांपुढे रेवसपासून रेड्डीपर्यंतचा सागरी मार्ग होता. आता कुठे कामाला हात लागला आहे. होऊ दे, चांगलंच आहे; माझा धंदा वाढेल, मला वाईट वाटायचं कारण नाही. पण पूल होईपर्यंतची वर्षं माणसांनी काय करायचं? आणि पूल झाल्यावर लाँच बंद पडली तर ज्याच्याकडे गाडी नाही त्याचं काय? पुलावरून बस जाणार आहे का, की नुसत्याच मोटारी? हे आजच विचारून ठेवते. पुलाचा आराखडा करणाऱ्यांना बसथांबा आठवतो तो उद्घाटनानंतर.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं, त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या घरात आली. वडखळच्या पुढे अवजड वाहनांची रांग, डोलवीचा कारखाना, पोयनाडपर्यंत एकेरी चाल. सगळ्यांना माहीत आहे, सगळ्यांनी बातम्या छापल्या आहेत. अटल सेतूने मुंबईतून बाहेर पडण्याचा वेळ वाचतो हे खरं, पण चिरल्याला उतरल्यावर पुन्हा पेण-वडखळ आहेच. वाचलेला वेळ वडखळला परत द्यावा लागतो.

या सगळ्यात एस.टी.ची बाजू घ्यायला हवी. पनवेल-अलिबाग विनाथांबा ही आमच्या तालुक्याची धमनी आहे. लोकलने पनवेल, तिथून रिक्षाने स्टँड, आणि विनाथांबाने अलिबाग : ही वाट बाराही महिने, भरती असो की ओहोटी, चालते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट झाली होती, मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझ्याकडे बायकांचे भिशीचे ग्रुप एस.टी.ने यायला लागले. पूर्वी नवरे गाडीने सोडायचे, आता त्या आपल्या आपण येतात आणि जास्त हसतात. बोटीवर ही सवलत नाही. खासगी बोटींना ती देता येणार नाही, हे समजतं. पण रेवसच्या लाँचवरून टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका एस.टी.तल्या बायकांपेक्षा श्रीमंत नसतात. त्यांच्यासाठी काही करता आलं तर बघा.

रेल्वेचं मात्र आमच्याबाबतीत अजब आहे. आमच्या जवळच्या थळच्या खत कारखान्यापर्यंत पेणहून रेल्वेचा रूळ आलेला आहे. त्यावरून मालगाडी जाते. माणसांची गाडी आणायची बोलणी कित्येक वेळा झाली, खासदारांनी आश्वासनं दिली, मंत्र्यांनी कागद हलवले. खताची पोती रेल्वेने येतात-जातात आणि आम्ही पेण स्टेशनवर उतरून एस.टी.च्या शोधात हिंडतो, कारण पेणचं स्टेशन एकीकडे आणि बसस्थानक दुसरीकडे. अलिबागच्या वाट्याला वाहतुकीचं जे आलं ते असं वाकड्या वाटेनेच. मुंबईत ट्राम विजेवर न्यायचं ठरलं तेव्हा तिथल्याच कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय मोजणीत त्या विजेमुळे बाधा येणार, म्हणून १९०४ पासून ती मोजणी अलिबागला हलवली. ती वेधशाळा आजही इथे आहे, जगभर तिचं नाव आहे, आम्हाला अभिमान आहे. ट्राम मुंबईला, ट्रामपासून पळालेली वेधशाळा आम्हाला. आणि आता तो विरार-अलिबाग कॉरिडॉर, म्हणजे नवा मोठा महामार्ग! नावात अलिबाग आहे, पहिला टप्पा मात्र पेण तालुक्यातल्या बलावलीला संपतो. नाव तरी खरं ठेवा.

सुरक्षेबद्दल दोन शब्द, कारण पाहुणे हल्ली वाटेच्या आधी तेच विचारतात. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली, पंधरा जणांचा जीव गेला. त्यानंतर लाईफ जॅकेटची सक्ती झाली. सक्ती राहू द्या, आणि ती डिसेंबरपुरती राहू देऊ नका. पण हेही आठवा की १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडायला लागली, तेव्हा ऐंशीच्या वर माणसं होती तिच्यात. सागरी पोलिसांची बोट जवळ होती आणि एकूण एक माणूस वाचला. जॅकेट तर हवंच, शिवाय गर्दीच्या दिवशी गस्तीची बोट वाटेवर हवी. तिची वेळही वेळापत्रकात बसवा. रविवारी संध्याकाळी परतीची झुंबड असते तेव्हा ती मांडव्याच्या आसपास असली पाहिजे. बोटीत किती माणसं चढवायची याची मोजणी धक्क्यावरच, आणि ती बोटीच्या माणसाने करू नये. तिकिटं विकणाऱ्यानेच "आता बस" म्हणायचं ही अपेक्षा भाबडी आहे.

तर मागणं काय, ते एकत्र सांगते. तुमच्यापैकी प्रत्येक खात्याने एकेक माणूस द्यावा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने त्यांना महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसवावं. त्या बैठकीतून एकच कागद बाहेर यावा : पुढच्या महिन्यातल्या सगळ्या बोटी, लाँच, रो-रो, लोकल आणि एस.टी.च्या वेळा, भरती-ओहोटी धरून, मराठीत, मोठ्या अक्षरांत. तो गेटवेला, भाऊच्या धक्क्यावर, मांडव्याला, रेवसला, करंजाला, उरण आणि पेण स्टेशनावर, पनवेल आणि अलिबागच्या स्टँडवर लागावा. मोबाईलवर तर घालाच, पण भिंतीवरही लावा, कारण लाँचच्या रांगेतल्या निम्म्या माणसांकडे साधा फोन असतो. मांडव्याची आणि रेवसची शेवटची बस शेवटच्या उतारूसाठी थांबावी. उरण स्टेशन ते करंजा बस सुरू व्हावी. धक्क्यांवर बायकांसाठी धड स्वच्छतागृह आणि बसायला सावली असावी. हे लिहायला लागतंय याचंच नवल वाटतं.

वॉटर टॅक्सीसारखं नवीन काही जाहीर करायच्या आधी हे करा अशी विनंती. मागच्या काही वर्षांत त्या येऊन गेल्या. फोटो छान आले, तिकीट महाग, उतरल्यावर पुढे जायची सोय जुनीच. उतारू मिळाले नाहीत यात आम्हाला आश्चर्य वाटलं नाही.

मी एकटी लिहिते आहे, पण हे माझ्या एकटीचं नाही. वरसोली, नागाव, आक्षी, किहीम, रेवदंडा, पार काशीद-मुरूडपर्यंत घरगुती निवास चालवणारी कितीतरी घरं आहेत; त्यांतल्या पुष्कळ जणींशी बोलून हे लिहिलं आहे. प्रत्येकीच्या भिंतीवर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे : बोटींचे फोन, एस.टी. स्टँडचा फोन, ओळखीच्या मिनीडोरवाल्याचा नंबर, आणि पंचांग. तुमचं वेळापत्रक आम्ही असं आधीच चालवतो आहोत, पगाराशिवाय. ते तयार करायला मदत लागली तर आम्ही येऊ. बैठकीची तारीख कळवा. फक्त शनिवार-रविवार ठेवू नका, त्या दिवशी घरात पाहुणे असतात, आणि सकाळची ठेवलीत तर आम्हाला विनाथांबा सोयीची पडते.

आपली,
नागावची एक घरगुती निवासवाली